‘आम्ही’ या सर्वनामाची उकल : परदेशवास्तव्याच्या मराठी गद्याचा एक विचार

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रवासवर्णनाला स्वतंत्र दालन लाभले आहे. त्याची परंपरा लावली गेली, त्याचे पोटप्रकार पाडले गेले, त्यावर प्रबंधही सिद्ध झाले. परंतु प्रवास संपून मुक्काम सुरू झाला म्हणजे लेखनाला जे निराळे रूप येते, त्याचा वेगळा विचार फारसा झालेला नाही. परक्या देशात वर्ष-सहा महिने घर करून राहिलेल्या माणसाचे लेखनही प्रवासवर्णनाच्याच मापाने मोजले जाते, आणि त्या मापाने ते उणे ठरते. कारण त्यात पाहिलेली स्थळे थोडी असतात आणि आणलेली भाजी पुष्कळ असते. प्रस्तुत विवेचनात या लेखनास ‘वास्तव्यवर्णन’ असे म्हटले असून, त्याची परीक्षा भाषिक अंगाने कशी करता येईल हे पाहिले आहे.

या प्रकाराचे सर्वांत निर्भेळ उदाहरण म्हणजे निवृत्त दांपत्याचे परदेशातील एक वर्ष. विद्यार्थ्याला परदेशात विद्यालय असते, वकिलाला वकिलात असते, व्याख्यात्याला सभा असतात; त्यांचे राहणे त्या कामाच्या आडोशाने होते. निवृत्त दांपत्याला असा आडोसा नसतो. सकाळ, बाजार, स्वयंपाक, टपाल, शेजार, औषधे आणि संध्याकाळचे फिरणे एवढेच त्यांच्या हाती उरते, आणि म्हणून दैनंदिन जीवन हाच त्यांच्या लेखनाचा विषय होतो.

इंग्रजीत या लेखनाची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात मेक्सिकोला विशेष स्थान आहे. स्वतंत्र मेक्सिकोत नेमलेल्या पहिल्या स्पॅनिश वकिलाची पत्नी फ्रान्सिस काल्देरोन दे ला बार्का हिने १८३९ अखेर ते १८४२ या काळात तेथून लिहिलेली पत्रे १८४३ साली ‘लाइफ इन मेक्सिको’ या नावाने प्रसिद्ध झाली. नोकरचाकर, भेटीगाठी, वेशभूषा, चर्चमधील विधी हे त्या पत्रांचे विषय. पुढे हालिस्को राज्यातील चापाला सरोवराच्या काठी, अहिहिक व आसपासच्या गावांत, अमेरिकेतील व कॅनडातील निवृत्तांच्या वसाहतीच झाल्या. या लेखनाला वर्षाची चौकट का रुचते, याचे उत्तर अंशतः कायद्यात आहे. मेक्सिकोचा तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना प्रथम एका वर्षाचा मिळतो. अंशतः ते रचनेत आहे. पीटर मेल याचे ‘ए यिअर इन प्रॉव्हान्स’ (१९८९) हे फ्रान्समधील वास्तव्याचे पुस्तक जानेवारी ते डिसेंबर अशा बारा प्रकरणांत मांडलेले आहे, आणि महिन्यांची ती माळ हेच त्याचे कथानक आहे.

मराठीत या दांपत्याचा पत्ता बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या घरचा असतो. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावीदेखील निवृत्त शिक्षक, बँकेतील वा टपालखात्यातील अधिकारी आणि त्यांच्या पत्नी यांचे मुलांकडे अमेरिकेस जाणे आज नवलाचे राहिलेले नाही. तेथील पर्यटक-परवान्यावर सामान्यतः एका वेळी सहा महिने राहू देतात. म्हणून मराठी वास्तव्यवर्णन पुष्कळदा वर्षाचे नसून अर्ध्या वर्षाचे असते. दिवाळी अंकांतून, मंडळांच्या स्मरणिकांतून आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांतून असे लेखन येत राहते. त्याला फावल्या वेळचे लेखन म्हणून बाजूस सारण्याचा प्रघात आहे. तो प्रघात योग्य आहे काय, हा प्रस्तुत प्रश्न.

२

प्रथम काळाचा विचार करावा. प्रवासवर्णनाचा स्वाभाविक काळ साधा भूतकाळ होय : ‘आम्ही गेलो, आम्ही पाहिले, आम्ही परतलो.’ प्रत्येक क्रिया एकदाच घडते आणि संपते. याच्या दुसऱ्या टोकाला देशवर्णन असते. त्याचा काळ वर्तमान आणि पुरुष तृतीय : ‘हे लोक पहाटे उठतात, अमुक खातात, अमुक सण पाळतात.’ पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे नाव या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. लोकस्थिती एक आणि प्रवासवृत्त दुसरे, हा भेद त्यांनी शीर्षकातच केला, आणि लोकस्थितीला अग्रस्थान दिले. राज्यव्यवस्था, घरगुती स्थिती, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांना त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत.

वास्तव्यवर्णन या दोहोंच्या मध्ये उभे असते. त्यात पुरुष प्रथम असतो, पण क्रिया एकदाच घडून संपत नाही. त्याचा काळ रीतिभूतकाळ होय : ‘आम्ही सकाळी सरोवराच्या काठाने फिरून येत असू; वाटेत कोपऱ्यावरची बाई हात करी.’ येथे वर्णन एका सकाळचे नाही आणि सर्व मेक्सिकोचेही नाही. एका घराच्या अनेक सकाळी त्या एका क्रियापदात गोळा झालेल्या आहेत. रीतिभूतकाळाचे रूप वापरण्यास लेखकाजवळ पुनरावृत्तीची पुंजी असावी लागते. आठ दिवसांच्या पाहुण्याला तो काळ परवडत नाही.

वर्षाच्या मर्यादेचे मर्म येथेच उकलते. एका वर्षात रोजच्या आणि आठवड्याच्या गोष्टींची पुनरावृत्ती होते, वार्षिक गोष्टींची होत नाही. म्हणून ‘आम्ही बाजारात जात असू’ असे ते दांपत्य म्हणू शकते. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या मेक्सिकोतील मृतांच्या सणाविषयी ‘आम्ही जात असू’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना पोचत नाही. तो सण त्यांना एकदाच भेटतो, आणि एकदाच भेटला म्हणून सर्वपित्री अमावास्येच्या उपमेने समजून घ्यावा लागतो. याउलट गडहिंग्लजचा मनुष्य काळभैरीच्या यात्रेविषयी ‘आम्ही चालत जात असू’ असे सहज म्हणतो, कारण त्याच्या पाठीशी अनेक यात्रा असतात. दिवस सवयीचे झालेले आहेत पण वर्ष झालेले नाही, ही मधली अवस्था हाच वर्षभराच्या वास्तव्याचा खरा विषय होय. ज्या लेखनात सणही रीतिभूतकाळात येतात त्यात लेखकाने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलेले असते. आणि ज्यात बाजारही साध्या भूतकाळातच राहतो, तेथे वर्ष राहूनही लेखक प्रवासीच राहिलेला असतो.

३

दुसरी कसोटी शब्दांची. मराठी माणसाला मेक्सिको वाटतो तितका परका नाही. टोमॅटो आणि चिकू ही दोन्ही नावे स्पॅनिश भाषेच्या द्वारे तेथील नाहुआत्ल भाषेपर्यंत पोचतात. मिरची हे पीकही मूळचे तिकडचेच. पोर्तुगीजांबरोबर ते आले आणि आपल्या भाषेने मिऱ्याचे जुने ‘मरिच’ हे नाव त्याला वाढवून दिले. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात तेव्हा ते पीक परके होते याची आठवणही कोणास होत नाही. एखादी वस्तू पूर्णपणे नित्याची झाल्याची खूण हीच असते.

वास्तव्यवर्णनात ही प्रक्रिया वर्षाच्या आत घडताना दिसली पाहिजे. मेक्सिकोत ओल्या मिरचीला एक नाव आणि वाळल्यावर दुसरे नाव असते : ओली हालापेन्यो धुरावर वाळली म्हणजे चिपोत्ले होते, ओली पोब्लानो वाळली म्हणजे आंचो होते. पहिल्या महिन्यात लेखकाने हे समजावून सांगणे आवश्यकच आहे. दहाव्या महिन्यातही जर तो दर वेळी ‘म्हणजे आपली सुकी मिरची’ असे सांगत राहिला, तर त्याचे स्वयंपाकघर अद्याप तेथे मांडलेले नाही असे समजावे. टॉर्टियाचेही तसेच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, मग वाटून त्या करतात. ‘मक्याची भाकरी’ हे वर्णन परिचयापुरते ठीक असले तरी त्यात तो चुना लोपतो आणि त्याबरोबर ती सारी कृतीही लोपते. उपमा हे प्रवाशाचे साधन आहे; वास्तव्य जसजसे मुरते तसतशी उपमा विरत गेली पाहिजे.

या शब्दांहून अधिक सूक्ष्म साक्ष सर्वनामे देतात. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे, इंग्रजीत व स्पॅनिशमध्ये नाही. हा भेद मराठीत द्राविड भाषांच्या सहवासाने दृढ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. मौजेची गोष्ट अशी की, ज्या कन्नडशी गडहिंग्लजच्या मराठीचा नित्य शेजार आहे त्या आधुनिक कन्नडने तो टाकला असून तेथे दोन्ही अर्थी ‘नावु’ हे एकच रूप चालते. मराठीने तो राखला, आणि त्यामुळे परदेशवास्तव्याच्या लेखकाला एक असे साधन मिळाले जे काल्देरोनबाईंच्या इंग्रजीजवळ नव्हते. ‘आपल्याकडे मिरच्या उन्हात वाळवतात, आमच्याकडे त्या धुरावर वाळवलेल्या येत’ या वाक्यात ‘आपल्याकडे’ म्हणजे महाराष्ट्रात आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे परदेशातील त्या घरी. वाचक पहिल्या घरात आहे, दुसऱ्या घरातून वगळलेला आहे. अशी वाक्ये येऊ लागली म्हणजे वास्तव्य खरोखर सुरू झाले, असे भाषेच्या आधारे म्हणता येते.

ग्रंथनामांतही हा हिशेब आढळतो. मीना प्रभू यांनी अनेक वर्षे लंडनमध्ये काढली. त्या शहरावरील त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘माझं लंडन’. मेक्सिकोत त्या प्रवासी म्हणून हिंडल्या. त्या पुस्तकाचे नाव ‘मेक्सिकोपर्व’. पहिल्या नावात सर्वनाम आहे, दुसऱ्यात नाही. हा गुणदोषाचा प्रश्न नव्हे. प्रवास आणि वास्तव्य यांतील भेद लेखिकेच्या भाषेने आपोआप पाळला आहे, इतकेच त्यावरून ध्यानी घ्यावयाचे.

४

आतापर्यंतचा विचार ‘आम्ही’ हे एक एकसंध सर्वनाम मानून केला. दांपत्याच्या बाबतीत मात्र ते तसे नसते, आणि या प्रकाराचा खरा पेच येथेच आहे.

मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ या रूपांवरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. ‘आम्ही गेलो’ यात ते कळत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तर कर्ता आणखी मागे सरतो. ‘आम्ही भाजी आणली’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद भाजीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणणाऱ्याची त्यात काहीच खूण नाही. रीतिभूतकाळातही ‘तो करी’ आणि ‘ती करी’ ही रूपे सारखीच. बोलीतील ‘मी करायचो, मी करायचे’ या रूपांनी एकवचनात लिंगभेद पुन्हा आणला आहे खरा. परंतु ‘आम्ही करायचो’ म्हणताच तो पुन्हा नाहीसा होतो. तात्पर्य, ज्या काळात आणि ज्या सर्वनामात वास्तव्यवर्णन स्वभावतः लिहिले जाते, नेमकी तीच रूपे काम कोणी केले हे झाकणारी आहेत. स्पॅनिशमध्ये केवळ स्त्रियांचा समूह असेल तर ‘नोसोत्रास’ असे निराळे रूप आहे. परंतु दांपत्यासाठी पुल्लिंगी ‘नोसोत्रोस’च वापरावे लागते, म्हणून तेथेही सुटका नाही.

एक नमुन्याचे वाक्य घेऊ : ‘सकाळी आम्ही फिरून येत असू, मग न्याहारी होई, मग आम्ही टपाल पाहत असू.’ यात फिरणे दोघांचे आहे, टपाल पाहणेही कदाचित दोघांचे असेल. पण न्याहारी ‘होई’. ती कोणी केली याला वाक्यात जागाच नाही. परक्या देशात, निराळ्या शेगडीवर, न कळणाऱ्या भाषेतील पुडक्यांतून ती न्याहारी सिद्ध करणे हे त्या घराच्या वर्षातील सर्वांत अवघड शिक्षण असण्याचा संभव आहे, आणि तेच एका अकर्मक क्रियापदात विरून गेले आहे.

येथे ‘निवृत्त दांपत्य’ हा शब्दप्रयोगच तपासून घ्यावा लागतो. विशेषण दोघांना लावलेले आहे. पण निवृत्ती बहुधा कचेरीतून मिळते, चुलीपासून मिळत नाही. पत्नी स्वतः नोकरीतून निवृत्त झालेली असली तरी हे विधान खोटे ठरत नाही. उलट, मुलाच्या वा मुलीच्या घरी गेलेल्या आईच्या वाट्याला नातवंडांची आणि दोन पिढ्यांच्या जेवणाची नवी नोकरीच येते. पतीचे वर्ष फुरसतीचे असते म्हणून त्याला लेखन सुचते, आणि त्या फुरसतीचे ‘आम्ही’ पत्नीच्या श्रमावर पांघरले जाते. यात लेखकाचा कपटभाव असतो असे मुळीच नाही; भाषेने सोयीचे रूप पुढे केले आणि त्याने ते स्वीकारले.

कोल्हापूर परिसराच्या बोलीचे एक वैशिष्ट्य या संदर्भात मननीय आहे. तेथे अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. प्रमाणभाषेतील स्त्रीलिंगी रूप त्या वापरीत नाहीत. पुण्याकडील श्रोत्यास त्याचे हसू येते. परंतु गडहिंग्लजची एखादी स्त्री परदेशातील आपले वर्ष लिहावयास बसली तर तिच्यासमोर जो पर्याय उभा राहतो तो पुण्याच्या लेखिकेसमोर राहत नाही : आपल्या बोलीतील ‘मी गेलो’ लिहावे की प्रमाणभाषेतील ‘मी गेले’? पहिल्या रूपात तिचे गाव दिसते, दुसऱ्यात तिचे स्त्रीत्व दिसते. संपादकाने ते रूप विचारल्यावाचून बदलू नये, एवढी अपेक्षा भाषाभ्यासकाने अवश्य करावी.

५

‘आम्ही’ हे सर्वनाम मुळातच लेखनास घातक आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मराठीतील दांपत्यविषयक गद्याने या सर्वनामाची उकल उत्तम रीतीने करून दाखविली आहे, जरी ती परदेशवास्तव्याच्या पुस्तकांत क्वचित आढळते.

रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या ग्रंथाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. शीर्षकात ‘आमच्या’ आहे. पण ग्रंथात शिकणारी रमा निराळी, शिकविणारे पती निराळे आणि त्या शिकण्याला घरात विरोध करणाऱ्या स्त्रिया निराळ्या दिसतात. ‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकार त्या सर्व भेदांतून गेल्यावर मिळालेला आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. त्या एका उल्लेखाने तो पुरुष ‘आम्ही’तून बाहेर येऊन समोर उभा राहतो आणि त्यांच्याकडे हसून, रागावून, आदराने पाहता येते.

परदेशाच्या बाबतीत ‘अपूर्वाई’चे (१९६०) उदाहरण विचारात घ्यावे. पु. ल. देशपांडे यांनी सुनीताबाईंसह केलेल्या युरोपवास्तव्याचे ते पुस्तक मराठी वाचकाच्या पिढ्यांनी आपलेसे केले. तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले. ते प्रवासाचे पुस्तक नव्हे. पण एका घराच्या ‘आम्ही’ला दुसरीही एक बाजू असते आणि ती आपल्या स्वतंत्र आवाजात बोलू शकते, हे त्याने सर्वांच्या ध्यानी आणून दिले. ते वाचल्यानंतर कोणत्याही दांपत्याच्या परदेशवर्णनातील ‘आम्ही’ पूर्वीसारख्या निःशंकपणे वाचता येत नाही.

मेक्सिकोशी मराठी माणसाच्या घराचा एक दीर्घ संबंध डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या नावाशी निगडित आहे. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला, मक्यावर संशोधन केले. दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्याची आकृतीही आली. बेल्जियन जन्माच्या जीन सिंडिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर हे कुटुंब नागपुरास आले आणि तेथेच १९६७ साली डॉक्टरांचे निधन झाले. वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री सॉनी यांनी २००८ साली इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. चरित्राचा नायक साहजिकच तो क्रांतिकारक शास्त्रज्ञ आहे. परंतु वास्तव्यवर्णनाच्या दृष्टीने पाहिले तर त्या घरात दोन वास्तव्ये आहेत : एक वर्ध्याकडील माणसाचे मेक्सिकोत, दुसरे मेक्सिकोतून आलेल्या बेल्जियन स्त्रीचे नागपुरात. त्या दुसऱ्या वास्तव्याचे रीतिभूतकाळातील गद्य, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात ती बाई काय करी, काय शिजवी, कोणाशी कोणत्या भाषेत बोले, हे मराठीला मिळते तर या प्रकाराचा एक आदर्शच निर्माण झाला असता.

६

सर्वनामांची मोजदाद म्हणजे समीक्षा नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. सर्वनामे अचूक असूनही एखादे पुस्तक नीरस असू शकेल. तथापि प्रस्तुत कसोट्या सौंदर्याचा निर्णय देण्यासाठी नाहीत. लेखकाने जे अनुभवल्याचे तो सांगतो ते त्याच्या भाषेत उतरले आहे की नाही, हे पाहण्यासाठी आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीस वर्षांच्या सहजीवनानंतर ‘आम्ही’ हेच सत्य असते, त्याची फोड करणे हा अभ्यासकाचा आगंतुकपणा होय, असे कोणी म्हणेल. यास उत्तर इतकेच की, सहजीवनाचे सत्य दोघांनी सांगितलेले असावे. एकाने लिहिले आणि दुसरीने पोळ्या केल्या, तर त्या ‘आम्ही’ची साक्ष अर्धीच नोंदली गेली.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक काम निघते. परदेशी वर्ष-सहा महिने राहून आलेली दांपत्ये प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. पतीने लिहिलेला लेख अनेक घरांत सापडेल. पत्नीने मुलीला लिहिलेली पत्रे, हिशेबाची वही, पाककृतींच्या मागे परक्या बाजारातील वस्तूंची आपल्या लिपीत उतरवून घेतलेली नावे हीही सापडतील. या दोन प्रकारच्या मजकुरांची तुलना करावी. कोणती क्रिया कोणाच्या लेखनात कोणत्या प्रयोगात आणि कोणत्या काळात येते ते पाहावे. आणि जेथे लेखन नाही तेथे बोलणे ध्वनिमुद्रित करून, बोलीतील रूपे न बदलता, उतरवून घ्यावे. ‘आम्ही’ म्हणून छापलेल्या वर्षातील ‘मी गेलो’ म्हणणारी ती स्त्री कदाचित त्या वहीतच भेटेल.